आय-सेव्हनच्या बाजूने तिघांची साक्ष

माझ्या मुलीने खेळण्यासाठी संगणक मागितला, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे तुला कोणी शिकवले? मागणी करणारा इसम आणि मागणीमागचा इसम हे बहुधा वेगळे असतात, हे मी पाथरीच्या तहसील कार्यालयाबाहेर अर्ज लिहीत बसून शिकलो आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. परंतु माझ्या हातचा अर्ज खिडकीवरून परत आल्याचे कोणी दाखवून द्यावे. काळा कोट घातलेले काही गृहस्थही मजकुराची भाषा तपासून घेण्यासाठी माझ्या टेबलाशी येऊन बसतात. त्यांची अडचण होऊ नये म्हणून अधिक लिहीत नाही.

“कुणी शिकवलं न्हाई, पप्पा,” मुलगी म्हणाली. “मी वर्षभर खेळायलेय.”

“कोठे?”

“परभणीला. कॉलेजच्या मागं गेमिंग कॅफे होता, तिथं. आता तो बंद पडला.”

“तू तर कॉलेज सुटल्यावर ग्रंथालयात बसतेस, असे तुझ्या आईने मला सांगितले होते.”

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “मला बी हिनंच तसं सांगितलं होतं. माझ्यावर ढकलू नका तुमी.”

मुलगी खाली मान घालून उभी राहिली, पण मागणी मात्र तिने मागे घेतली नाही. प्रकरण असे होते. पाच मुलींचा एक संघ होता. चौघी वेगवेगळ्या जिल्ह्यांत आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून एकत्र खेळत आणि पाचवी जागा रिकामी झाली होती. संघाची कप्तान सातारा जिल्ह्यातली. तिने माझ्या मुलीचा खेळ कॅफेच्या दिवसांत पाहिला होता. तिने निरोप दिला होता, की येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी निवडीचा सामना आहे, त्यात स्वतःच्या संगणकावरून खेळून दाखव. जमले नाही तर जागा लातूरच्या मुलीला जाईल. मोबाईल चालणार नव्हता आणि कॉलेजातील संगणकांवर असा खेळ लावता येत नव्हता.

मी कप्तान कोण, तिचे वडील काय करतात, लातूरच्या मुलीचा वशिला कोणाचा, असे प्रश्न विचारले. एकाचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तरीही मी नकार दिला नाही. याचे कारण सांगतो. मुलगी बोलत असताना तिच्या गळ्याची शीर हलत होती. माझ्या टेबलासमोर हजारो लोक उभे राहून गेले आहेत. ज्याचे खरोखर काही जायचे असते, त्याची ती शीर हलतेच.

“कसला संगणक पाहिजे?” मी विचारले.

“बाराव्या जनरेशनचा आय-फाईव्ह प्रोसेसरवाला. म्हणजे, न्हाईच जमलं तर आय-थ्री बी चालंल. तेराव्याचा भेटला तर लयच बेस. पण तेवढा नको, बारावाच बघू.”

एका दमात चार बोलणी फिरवली. मी मनात नोंद केली, की ही मुलगी स्वतःच्या म्हणण्यावर ठाम नाही, अर्थात तिला कोणीतरी पढवले आहे आणि पाठ अर्धाच झाला आहे. मी तिला सांगितले, “चौकशी मी करीन. तू यात पडू नकोस.”

चौकशीची माझी पद्धत ठरलेली आहे. एकाच गोष्टीविषयी तीन वेगवेगळ्या माणसांना, एकमेकांना न कळू देता, वेगवेगळ्या जागी विचारावे. तिघांचे बोलणे जुळले तर ती गोष्ट धरून चालावी. वारसाच्या प्रकरणात, बांधाच्या प्रकरणात, जन्मतारखेच्या प्रकरणातही हीच पद्धत मी वापरतो आणि लोकांनाही हीच सुचवतो.

दुसऱ्या दिवशी टेबल बंद ठेवून मी एसटीने परभणीस गेलो. स्टँडच्या बाजूला संगणकाचे एक दुकान होते. काउंटरमागे सोन्याची साखळी घातलेला तरुण बसला होता. मी ओळख न देता विचारले, “मुलांना गेम खेळण्यासाठी कोणता संगणक घ्यावा?”

“काका, आय-सेव्हन घ्या,” तो लगेच म्हणाला. “आय-फाईव्हच्या नादी लागू नका. हा बघा, बँकेतून निघालेला माल हाय. रात्रंदिवस चालला तरी तापत न्हाई. घोडा हाय घोडा.”

टेबलावर त्याने एक काळी पेटी ठेवली. पेटीच्या तोंडावर आय-सेव्हनचे निळे चिकटपत्र चकाकत होते. पेटी मात्र कोपऱ्यांवर घासलेली होती. मी विचारले, “पेटी जुनी आणि चिकटपत्र नवे, हे कसे?”

“साफ केलीय ना काका, म्हणून.”

“पेटी साफ केली, तर चिकटपत्र तिच्याहून जास्त कसे उजळले?”

तो हसला आणि त्याने माझ्यासाठी चहा मागवला. ज्या दुकानात प्रश्नाच्या उत्तरादाखल चहा येतो, तेथे मी चहा घेत नाही. मी उठलो.

दुसरे दुकान बाजारपेठेतल्या एका बोळात होते. दुकानदार वयस्क, कपाळावर अष्टगंध, बोलणे मृदू. मीच आय-फाईव्हचे नाव काढले. त्याने मान हलवली. “मालक, सात मोठा का पाच मोठा? आय-सेव्हन घ्या डोळे झाकून. बँकेतून निघालेला माल आलाय. रात्रंदिवस चालला तरी तापत न्हाई. घोडा हाय.”

डोळे झाकून काही घ्या म्हटले की माझे डोळे अधिकच उघडतात. परंतु साताचा मुद्दा बिनतोड वाटला. परतताना मी पाथरीतल्याच, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आणि जोडीला संगणक विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे थांबलो. त्यानेही आय-सेव्हनच सुचवला. “जनरेशन कितवे?” असे मी मुद्दाम विचारले. तो म्हणाला, “चौथं. पण साहेब, जनरेशन काय बघता? जुनं ते सोनं. नवा माल म्हंजी पत्रा. हा बँकेतून निघालेला, रात्रंदिवस चालला तरी तापत न्हाई. घोडा हाय घोडा.”

तीन ठिकाणी विचारले आणि तिघांचे बोलणे जुळले. शिवाय चौथी पिढी बारावीपेक्षा मूळ पुरुषाच्या जवळची, आणि वंशावळ लिहिणाऱ्याला ठाऊक असते, की पिढी जितकी खाली जाते तितका प्रत्येकाच्या वाट्याला हिस्सा कमी येतो. मला सर्व बाजूंनी आय-सेव्हनच योग्य दिसला. घरी येऊन जेवताना मी निकाल सांगितला. मुलीने हातातला घास ताटात ठेवला.

“चौथं जनरेशन? पप्पा, ते दहा-बारा वर्षांमागचं हाय. खेळ सुरूच व्हायचा न्हाई त्याच्यावर.”

“तिघांनी सांगितले आहे.”

“तिघांनी सांगितलं म्हणून काय झालं?”

“तिघांनी एकमेकांना न भेटता सांगितले आहे. शब्दाला शब्द जुळतो आहे. बँकेतला माल, रात्रंदिवस चालतो, तापत नाही, घोडा आहे.”

सौभाग्यवती भाकरी वाढत होत्या. त्या थांबल्या. “तिघंबी घोडाच म्हणले?”

“होय.”

“एकानं बी बैल न्हाई म्हणला?”

माझा हात ताटातच राहिला. या बाईने चौथीनंतर पुस्तक हातात धरले नाही, आणि तिला जे ऐकू आले ते मला ऐकू आले नव्हते. पंचनाम्यात शेजारपाजारचे पाच लोक सांगतात, की अमुक इसम अमुक घरात राहात होता. खरे बोलणाऱ्या पाचांपैकी एक म्हणतो पावसाळ्यापासून, दुसरा म्हणतो पोळ्यापासून, तिसऱ्याला आठवते ते त्याची म्हैस व्याली त्या सुमारास. पाचही जणांनी “सदर इसम अखंडपणे वास्तव्यास होता” असेच म्हटले, तर तो जबाब पाचांचा नसतो. एकाच्या तोंडचा असतो आणि पाचांच्या अंगठ्यांचा. हे मी इतरांना शिकवीत आलो आहे. संगणक हा शब्द मध्ये आल्याबरोबर मी जुळणीला पुरावा समजलो होतो.

सकाळी मी टेबलावर जाण्याआधी पाथरीच्या त्या ओळखीच्या दुकानात गेलो. नुकतेच शटर वर केले होते. मी सरळच म्हणालो, “परभणीच्या स्टँडजवळच्या साखळीवाल्याने तुझे नाव सांगितले.”

त्याने काही सांगितले नव्हते. परंतु हा गडी लगेच उसळला. “त्यानं? त्यानंच तर मला गळ घातली, साहेब! टेम्पो आला हैदराबादहून, हापिसातले मोडीत काढलेले डबे. आमी तिघा-चौघांनी मिळून उचलला. विकायचं काय बोलून, हे बी टेम्पोवाल्यानंच सांगितलं.”

“घोडा?”

“घोडा बी त्याचाच.” तो ओशाळून हसला. “आता तुमाला काय सांगावं, डबा वाईट न्हाई हो. बिलं करायला, टायपिंगला झकास चालतो. गेमचं तुमी नंतर काढलं.”

गेमचे मी सुरुवातीलाच काढले होते. पण ते जाऊ द्या.

त्या दिवशी तीन वारस अर्ज लिहिताना माझे लक्ष नव्हते. जे खोटे बोलत होते त्यांचे बोलणे एकसारखे निघाले. मग जिचे बोलणे चार वेळा फिरले, जिला मी पढवलेली समजलो, ती? ती मोठ्याने विचार करीत होती, एवढेच. तरीही माझा संशय पुरता गेला नाही. खरे बोलणाराही चुकू शकतो. खरेपणा आणि अचूकपणा यांची सात-बारावर वेगवेगळी नोंद असते, असे मी नेहमी म्हणतो.

संध्याकाळी मी मुलीला समोर बसवले. “आय-सेव्हन मोठा की आय-फाईव्ह?”

“एकाच जनरेशनमधे असतील तर सेव्हन मोठा.”

“आणि जनरेशन वेगळे असेल तर?”

“मग आधी जनरेशन बघायचं.” तिने पाटीसारखा मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर दोन आकडे होते. “हा आय-सेव्हन, पुढं चार हजार सातशे नव्वद. हा आय-फाईव्ह, पुढं बारा हजार चारशे. शेवटचे तीन आकडे बोटानं झाका, पप्पा.”

मी झाकले. पहिल्यात चार उरला, दुसऱ्यात बारा.

“उरलं ते जनरेशन,” ती म्हणाली. “दुकानदार आय-सेव्हन एवढंच बोलतो. पुढचा आकडा बोलत न्हाई.”

गट क्रमांक सांगायचा आणि गाव सांगायचे नाही, अशी ही युक्ती झाली. गट क्रमांक प्रत्येक गावात असतोच. गाव गाळले की कोणतीही जमीन कोणाचीही होते. मला ते पटले. पण मोठे पद जुन्या काळाचे असले तरी मोठेच नव्हे काय, हा प्रश्न राहिला. त्याचे उत्तर मुलीने दिले नाही; ते मी स्वतः काढले, आणि ते मला आजही योग्य वाटते. तीन, पाच, सात हे पद आहे. जनरेशन म्हणजे तो कोणत्या काळात नोकरीस लागला ते. पूर्वीचे तहसीलदार मोठे अधिकारी होते, त्यांच्यासमोर उभे राहताना लोकांचे पाय कापत. पण सात-बाराची नक्कल मिळण्यास महिने लागत. आजचा तलाठी पदाने लहान, परंतु कळ दाबतो आणि उतारा हातात देतो. गेममध्ये समोरचा गोळी झाडण्याच्या आत उतारा हातात पडला पाहिजे. तेथे तहसीलदाराच्या रुबाबाचा उपयोग नाही.

मुलगी म्हणाली, “हे तुमी लय भारी सांगितलं, पप्पा.” मी म्हणालो, “मला ठाऊक आहे.”

शनिवारी आम्ही दोघे परभणीस गेलो. निवडीच्या रविवारच्या आत एक पूर्ण आठवडा तिला सराव मिळायला हवा होता, म्हणून त्या दिवशी हात हलवीत परतणे शक्य नव्हते. मी मुद्दाम त्याच साखळीवाल्याकडे गेलो. एकदा पकडलेला माणूस दुसऱ्यांदा सावध वागतो. नव्या माणसाला पकडण्यापासून सुरुवात करावी लागते.

मला पाहून त्याने हात जोडले. “या काका. घोडा न्यायला आलाव का?”

“घोड्याचे दात पाहून झाले,” मी म्हणालो. “बाराव्या पिढीचा आय-फाईव्ह काढा. नवा. सील असलेला.”

त्याने माझ्याकडे आणि मग मुलीकडे पाहिले. त्याचा सूर बदलला. मुलीशी तो मदरबोर्ड, रॅम असे बोलू लागला. ती ताठ उभी राहून उत्तरे देत होती. मला त्यातील अर्धे कळत नव्हते, म्हणून मी तोंडाकडे पाहात होतो. ग्राफिक्स कार्ड म्हणून पडद्यावरचे चित्र काढणारी एक महाग वस्तू असते. ती आत्ता घ्यायची नाही, दिवाळीनंतर पाहू, असे आमचे घरीच ठरले होते. तोवर प्रोसेसरच्या अंगचेच जे चित्र असते त्यावर हा खेळ साधा का होईना चालतो, असे मुलीने सांगितले होते आणि ते मी तीन निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या शब्दांत ऐकून खात्री केली होती.

मुलगी कपाटातल्या पेट्या पाहण्यास वळली, तेव्हा त्या गड्याने मागून एक निळा खोका आणून काउंटरवर ठेवला आणि सील फोडण्यासाठी कटर उचलला.

“थांबा,” मी म्हणालो. चष्मा लावून खोका वाचला. बारा हजार चारशे बरोबर होते. परंतु आकड्यानंतर एक अक्षर होते. “हे एफ कशाचे?”

“काही न्हाई काका. कंपनीचं असतंय.”

आयुष्यात मी आकड्यांनंतरची अक्षरे पाहिली आहेत. गट एकशे चौदा आणि गट एकशे चौदा-अ यांमध्ये दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलणे टाकून बसलेले मला ठाऊक आहेत. मी कटरवर हात ठेवला. “कंपनी उगाच अक्षर छापीत नाही. शाईला पैसे पडतात.”

मुलगी मागे वळली. खोका पाहताच तिचा चेहरा उतरला. “एफ नको! पप्पा, एफला स्वतःचं चित्र नसतंय. कार्ड नसंल तर पडदा काळाच राहतो.”

“अरे हां, कार्ड न्हाई घ्यायलाव तुमी,” साखळीवाला म्हणाला. “ध्यानात न्हाई राहिलं, ताई.”

“सील फुटल्यावर ध्यानात आले असते,” मी म्हणालो, “आणि मग फुटलेला माल परत घेत नाही, ही पाटी तुमच्या डोक्यावर लावलेलीच आहे.”

त्याने वर पाटीकडे पाहिले. मग आत गेला आणि बिनअक्षराचा खोका घेऊन आला. त्याने विसरून केले की ठरवून, हे मला आजतागायत माहीत नाही. मी ठरवूनच केले असे धरतो. तसे धरल्याने आजवर माझे नुकसान झालेले नाही. सील माझ्यासमोर फुटले, प्रोसेसरच्या चकतीवरचा आकडा मी पंखा बसण्यापूर्वी वाचला आणि मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला. साखळीवाला म्हणाला, “काका, पंचनामा झाला का? बसवू का आता?” मी परवानगी दिली.

निवडीच्या रविवारी दुपारी मुलगी खोलीत बसली. कानांवर हेडफोन नावाचे मोठे कर्णयंत्र, समोर पडदा. सौभाग्यवतींनी तिच्यासमोर दही-साखर ठेवली होती, ती तशीच राहिली. मी दाराशी खुर्ची टाकली. अनोळखी लोक आपल्या मुलीशी तासभर बोलणार आणि आपण बाजारात जाणार, हे मला मान्य नव्हते. पडद्यावर भिंती, जिने, बंदुका. काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून मी पुन्हा तोंडाकडे पाहू लागलो. घरात विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी चौघींना हुकूम सोडीत होती. “डावीकडून दोघी आल्या. दार सोडू नका. मी वर जातेय.” तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता. पडदा एकदाही अडखळला नाही.

मध्यंतरात तिने पाणी पिण्यासाठी कर्णयंत्र काढले, तेव्हा मी ते उचलून कानाला लावले. “हॅलो. मी मुलीचे वडील बोलतो. कप्तान कोण आहे?”

मग एक खणखणीत आवाज, “मीच, काका. नमस्कार.”

“आपले गाव कोणते? वडील काय करतात? ही निवड कोणत्या नियमाने होते? लातूरच्या मुलीशी आपले काही नाते?”

“काका, वडलांची पिठाची गिरणी आहे, आणि लातूरवाली माझी कुणी नाही. पण नियम नंतर सांगते. डाव सुरू झालाय आणि तुमची पोरगी जाग्यावर नाही!”

मुलीने कर्णयंत्र माझ्या कानावरून ओढले. त्यानंतर प्रसंग बाका आला, हे मला शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सौभाग्यवतींनी, म्हणजे माझ्याइतकेच न कळणाऱ्या व्यक्तीने, हात घट्ट धरल्यामुळे कळले. बाकीच्या चौघी, असे मुलीने नंतर सांगितले, एकेक करून बाद झाल्या. माझी मुलगी एकटी उरली आणि समोर दोघी. ती पडद्यावरच्या जिन्याखाली बसून राहिली. मला वाटले संगणक बंद पडला. मी उठून पेटीला हात लावून पाहिला, पंखा चालू होता. मग एकाएकी पडदा हलला, दोन आवाज झाले, आणि कर्णयंत्रातून चौघींचा एकदम ओरडा मला दारापर्यंत ऐकू आला.

“घेतलं का?” सौभाग्यवतींनी विचारले.

मुलगी मान डोलवीत होती.

“लेखी दिले का?” मी विचारले. तोंडी निवडीला अर्थ नसतो.

तिने पडद्यावर संघाची यादी उघडली. पाच नावे होती. त्यातले एकही मराठी नव्हते, आणि माझ्या मुलीचे नाव त्यात नव्हते. मी ते लक्षात आणून दिले. ती म्हणाली, “हे पाचवं माझं हाय, पप्पा. खेळातलं नाव.”

“हे तू केव्हा धारण केले? कोणाच्या सल्ल्याने?”

“माझ्याच. तिथं समद्या मला ह्याच नावानं ओळखतात.”

मी चष्मा लावून ते नाव वाचले. कोणत्याही कार्यालयात ते टिकणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. मग मी खुर्ची जवळ ओढून बसलो आणि त्याचा उच्चार नेमका कसा करायचा, हे तिला विचारले.